भोंगा : मसुदा सातवा

मोरेश्वर लघाट्यांची गोष्ट नऊ पानांची.
चौसष्टच्या दिवाळी अंकात, केशतेलाच्या जाहिरातीसमोर.
पानाच्या कडेला कुणीतरी दुधाचा हिशेब केलाय,
तो चुकलाय.

लघाटे इंदूरच्या एका गिरणीत टाइमकीपर होते.
परदेशीपुऱ्यात खोली, खोलीत स्टोव्ह, एक दुर्बीण
(ती त्यांची नव्हती, परत द्यायची होती).
गोष्ट अशी :
एका रात्री बाराचा भोंगा वाजतो आणि थांबतच नाही,
नुसता दूर दूर जात राहतो,
चंद्राच्या पलीकडे, आणि पलीकडे,
आणि टाइमकीपर कान लावून हजेरीबुकात त्याची नोंद करत बसतो.
पोचायला तीस वर्षं, यायला तीस.
शेवटच्या रकान्यात तो लिहितो : उत्तर अपेक्षित.
मग चहा पितो.
बस, एवढंच.

निर्माते म्हणाले, सुंदर. पण आजचा प्रेक्षक?
आजचा प्रेक्षक पहिल्या सात मिनिटांत उठून जातो.
लघाट्यांना शास्त्रज्ञ करा. वय बत्तीस. बायको वारलेली.
गिरणीच्या जागी डेटा सेंटर.
यान राजवाड्यावर उतरू दे, वरचे दोन मजले पडू देत,
आणि छप्पन दुकानवर पळापळ,
एकाच्या हातात अजून प्लेट.
मी सगळं लिहून घेतलं.
प्लेटीत पोहे, वर शेव, हे मात्र मी माझं घातलं.

सिमरोलहून सल्लागार म्हणून एक मुलगी आली. हुशार.
म्हणाली, मॅम, निर्वातात आवाज जातच नाही,
लोक हसतील.
मी तिला नववं पान काढून दाखवलं,
खाली बारीक टायपात तळटीप आहे :
'पोकळीत ध्वनी जात नाही हे लेखकास ठाऊक आहे.
रात्रपाळीस ठाऊक नव्हते.'
ती बराच वेळ गप्प होती.
मग तिनं त्या पानाचा फोटो काढला.

मी सुंद्राबाई इंगळ्यांना भेटले, रीलिंग खातं, वय त्र्याऐंशी.
लघाटे? आठवतात ना. दोन मिनिटं उशीर झाला
की चष्म्यावरून बघायचे, पण लिहायचे नाहीत.
गोष्ट? कुठली बाई गोष्ट.
भोंगा बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी उठले.
अजून उठते. पाच पन्नासला.
आता त्या वेळेला काय वाजतं म्हणाल तर काहीच नाही,
मग नंतर ती कचरागाडी येते गाणं म्हणत,
अन् सगळी गल्ली धावते दोन डबे घेऊन,
ओला, सुका.
अपन भी जाते, म्हणाल्या, और क्या.

त्या रात्री हिशेब केला. चौसष्ट अधिक साठ.
बोटांवर केला, मग फोनवर केला.
म्हणजे बदलायचं काही नव्हतंच.
लघाटे तारीख टाकून गेले होते,
आपण फक्त त्या तारखेला राहायला आलो होतो,
आणि गिरणी नव्हती.

सातवा मसुदा काल पाठवला.
यान आहे. राजवाडा आहे, पडतो.
नायक बत्तीस वर्षांचाच आहे, केस चांगले आहेत.
फक्त त्रेचाळिसावा सीन मी कुणाला न विचारता लिहिला :

बाहेर. पहाट. आभाळात भोंगा.
शहरात कुणालाच तो ऐकू जात नाही.
सुंद्राबाई उठतात, चूळ भरतात, डबा बांधतात,
जिथं गेट होतं तिथं चालत जातात.
तिथं आता टॉवरचं गेट आहे, पेंगणारा गार्ड आहे,
टेबलावर रजिस्टर : नाव, वेळ, कुणाकडे.
नाव त्या लिहितात. वेळही लिहितात.
गार्ड विचारतो, अम्मा, किसके यहाँ?

वर भोंगा चालूच आहे.
निर्मात्यांचा निरोप आला आहे, हा सीन कापू या का?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.